चारचौघांत न चालणारं मत मांडायला ऑनलाईन जागा कुठं हाय? (सीमाभागातल्या मराठी माणसाचा प्रश्न)

मलप्रभाकाठ:

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, कामाला बेळगावात उद्यमबागेत, सीएनसी मशीनवर. बरेच दिवस डोक्यात हाय म्हणून विचारतोय. जी मतं आपल्याच माणसांत बोलली की लोक अंगावर येतात तसल्या मतांवर नीट बोलायला ऑनलाईन कुठं जागा हाय का? नीट म्हणजे समोरच्यानं माझा मुद्दा खोडावा, जोरात खोडावा, खरं माझी जात, माझा बाप आणि माझं गाव मधे आणू नये.

कसली मतं ते सांगतो, नाहीतर लोकांना भलतंच काहीतरी वाटायचं. माझं म्हणणं असं की सीमाभागातल्या मराठी शाळेतल्या पोरांना कन्नड चांगलं यायला पाहिजे, पास होण्यापुरतं नाही तर तहसीलदार ऑफिसात उभं राहून भांडता येईल इतकं. सुप्रीम कोर्टात २००४ पासून महाराष्ट्राचा दावा हाय तो चालू दे, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, आमच्या घरात आज्ज्यापासनं सगळी सीमालढ्यातलीच माणसं. खरं निकाल लागेपर्यंत आमच्या गावातला बीए झालेला पोरगा स्वतःच्या शेताच्या उताऱ्यावर काय लिहिलंय ते वाचायला एजंटाला पैसे देतोय, हे मला बघवत नाही.

हे मी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं तर पहिलाच मेसेज आला की कुणाकडनं किती घेतलास. मग बेळगावच्या एका मोठ्या फेसबुक ग्रुपवर, जिथं कन्नड माणसं जास्त आहेत, तिथं लिहिलं की ज्या भागात मराठी लोक एवढे राहतात तिथं सरकारी कागद मराठीतनं पण मिळायला पाहिजेत, तर 'महाराष्ट्रात जा' सुरू झालं आणि ॲडमिननं पोस्टच काढून टाकली. दोन्हीकडं मी एकच गोष्ट सांगत होतो की माणसाला कळेल अशा भाषेत त्याचं काम व्हावं.

दुसरं एक मत हाय ते तर घरात पण बोलायची चोरी. गावच्या लक्ष्मी यात्रेला लोक कर्ज काढून घर रंगवतात, पै-पाहुण्यांना जेवण घालतात, दारात मांडव घालतात आणि मग पुढची कित्येक वर्षं सोसायटीचे हप्ते फेडत बसतात. यात्रा बंद करा असं म्हणत नाही मी. गावानं मिळून खर्चाला लगाम घालावा एवढंच. हे बोललं की देवीचा कोप, आणि बायको म्हणते लोकांत मान खाली घालायला लावू नका.

तर अशी जागा सांगा जिथं माझं चुकत असेल तर का चुकतंय ते तरी कळेल. इंग्रजी वाचता येतं, लिहिताना जरा वेळ लागतो. शिव्या घालायला मोकळीक असलेली जागा नको, तसली भरपूर आहेत.

---

निपाणीवाला_पुण्यात:

मित्रा, तुमचा प्रश्न अगदी माझा आहे, फरक एवढाच की मी निपाणीचा आणि आता पुण्यात असतो त्यामुळे मला दोन्हीकडचे लोक 'तुला काय कळणार' म्हणतात.

तुम्ही म्हणता त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा म्हणजे रेडिटवरचं 'चेंज माय व्ह्यू'. २०१३ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका तरुणानं सुरू केलं. तिथले नियम वाचण्यासारखे आहेत. मत तुमचं स्वतःचं पाहिजे, ते बदलायची तुमची तयारी पाहिजे, आणि पोस्ट टाकल्यावर तीन तासांच्या आत तुम्ही उत्तरं द्यायला सुरुवात केली पाहिजे, नाहीतर पोस्ट काढतात. थेट तुमच्या पोस्टखाली जो लिहील त्यानं तुमच्या मताला विरोध करायचा किंवा नीट समजून घ्यायला प्रश्न विचारायचा, 'वा काय बोललात' असलं चालत नाही. आणि कुणी तुमचं मत थोडं जरी हलवलं तर तुम्ही त्याला डेल्टा द्यायचा, म्हणजे ते त्रिकोणी ग्रीक अक्षर. त्यामुळे लोकांची धडपड जिंकण्यापेक्षा पटवण्याची असते. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये तिथल्या चर्चांचा अभ्यास केला होता, त्यात दिसलं की दोन माणसांची उत्तरं-प्रत्युत्तरं चार-पाच फेऱ्यांच्या पुढे गेली की मत बदलायची शक्यता कमी होत जाते. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दोनपर्यंत चालणाऱ्या मारामाऱ्या आठवा म्हणजे लगेच पटेल.

'अनपॉप्युलर ओपिनियन' नावाचं पण एक आहे रेडिटवर, नाव बघून तिकडे जाल म्हणून सांगतो, तिथं बऱ्याचदा सगळ्यांना पटणारी मतंच वर येतात आणि खरोखर नावडतं मत खाली दबतं. किआलो म्हणून वेगळी साईट आहे, तिथं एक विधान मांडायचं आणि त्याखाली बाजूचे आणि विरोधाचे मुद्दे फांद्या फुटल्यासारखे लावत जायचे. तिथं भांडायला जागाच नाही कारण प्रत्येक मुद्दा सुटा उभा असतो. भाषेच्या प्रश्नाला मला ती पद्धत जास्त बरी वाटते.

मराठीत म्हणाल तर मायबोली १९९६ पासून आहे, मिसळपाव २००७ पासून आणि त्यावर काथ्याकूट नावाचा विभागच आहे, ऐसी अक्षरेवर प्रतिसादाला मार्मिक, माहितीपूर्ण, खोडसाळ अशा श्रेणी देता येतात त्यामुळे नुसता आरडाओरडा करणारा आपोआप मागे पडतो. पण सीमाभागातलं रोजचं जगणं तिथल्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं, बेळगाव म्हटलं की कुंदा आणि १९५६ ची राज्यपुनर्रचना एवढ्यावर गाडी थांबते. धीर धरून समजावावं लागेल.

आणि एक कळकळीनं सांगतो, 'इथं काहीही बोला, कसलाही नियम नाही' अशी पाटी असेल तिथं जाऊ नका. २०१५ मध्ये रेडिटनं काही द्वेष पसरवणारे ग्रुप बंद केले तेव्हा ती सगळी मंडळी व्होट नावाच्या साईटवर गेली. मोकळीक हीच तिची जाहिरात. झालं काय, तर बाकीकडून हाकललेले तेवढे तिथं जमले, साधा माणूस आला की दोन दिवसात पळून जायचा, शेवटी डिसेंबर २०२० मध्ये साईट बंद पडली. नावडतं मत टिकायचं असेल तर नियम जास्त कडक लागतात, कमी नाही.

---

हिंडलगा_रोड:

बाळ, मी तुझ्यापेक्षा बराच मोठा असणार म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

तुझं कन्नडबद्दलचं म्हणणं मला मान्य नाही, आणि का नाही ते शांतपणे सांगतो. लोक तुझ्या अंगावर का येतात ते आधी समजून घे. १९८६ साली शाळांत कन्नड सक्ती आली तेव्हा आम्ही रस्त्यावर होतो. १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जी माणसं दरवर्षी जमतात त्यांच्यात त्या आंदोलनातल्या गोळीबारात घरचं माणूस गेलेली आहेत. त्यांना तू 'कन्नड यायला पाहिजे' असं म्हणालास की त्यांच्या कानावर 'कन्नड लादलं ते बरोबर होतं' असंच पडतं. तुला ते म्हणायचं नाही हे मला कळतंय, खरं ग्रुपवर तीन ओळी लिहिलेल्या माणसाकडनं ते कळणार कसं? दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळून मूक सायकल फेरीत जो चालतो त्याच्याशी बोलायचं असेल तर शिकणं आणि सक्ती यातला फरक तूच आधी, पहिल्या ओळीत, सांगायला पाहिजेस.

दुसरी गोष्ट. अमेरिकेतला कुणी तरी तुझं मत खोडून त्रिकोण मिळवील, त्याचं त्यात काय जातंय? तो उताऱ्यासाठी रांगेत उभा राहत नाही. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाच्या अहवालानं २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं आणि २४७ कर्नाटकाला, आणि बेळगाव शहर इकडंच ठेवलं, हे त्याला सांगता सांगता तुझी रात्र जाईल. ज्याचं नुकसान होणार त्याच्यासमोर मत मांडलं तर त्याला वजन. आमच्या वेळी सार्वजनिक वाचनालयाच्या बॅ. नाथ पै व्याख्यानमालेला जायचो, व्याख्यान संपलं की बाहेर चहाच्या गाड्यावर खरा वाद व्हायचा. एकजण कम्युनिस्ट, एकजण एकीकरण समितीचा, एकजण संघाचा, आणि दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांच्या घरी. कडोलीला, उचगावला, येळ्ळूरला अजून साहित्य संमेलनं होतात. तिथं जाऊन बोल. व्यासपीठावर बोलायला मिळालं नाही तर मांडवात बोल.

यात्रेचं मात्र तुझं शंभर टक्के बरोबर हाय. ते मी पण बोलून दाखवलेलं नाही.

---

शहापूरची_अक्षता:

काकांचं अर्धं पटतं, अर्धं नाही. चहाच्या गाड्यावरच्या त्या वादात बाई किती असायच्या? एकही नसणार. मी बेळगावातच वकिली करते आणि सांगते, माझ्यासारखीनं गावच्या ग्रुपवर यात्रेच्या खर्चाबद्दल लिहिलं तर उत्तर खर्चाबद्दल येत नाही, माझ्या कपड्यांबद्दल आणि सासरच्यांबद्दल येतं. ज्याला समोरासमोर बोलून काही गमवावं लागत नाही त्याला नाव लपवणं भित्रेपणा वाटतो. टोपणनावामुळे मला पहिल्यांदा कुणी तरी माझ्या मुद्द्याला उत्तर दिलं.

आणि भीती उगाच नाही हो. आपल्या एका बाजूला कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला धारवाड. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात पानसरेंवर गोळ्या झाडल्या, त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये कलबुर्गींना त्यांच्या घराच्या दारात मारलं. दोघंही आयुष्यभर लोकांना न आवडणारं बोलत आणि लिहीत होते, एक मराठीत, एक कन्नडमध्ये. तेव्हा मुलगा जर विचारत असेल की सुरक्षित कुठं बोलू, तर तो प्रश्न मला फार रास्त वाटतो.

आता कायद्याचं, कारण बरेच जण अर्धवट ऐकून लिहितात. आयटी ॲक्टचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, त्यामुळे नुसतं कुणाला त्रासदायक वाटलं म्हणून त्या कलमाखाली गुन्हा होत नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १९६ आहे, भाषा, धर्म, जात यावरून गटांत वैर वाढवल्याबद्दल, आणि सीमाभागात भाषेवर लिहिताना हे कायम डोक्यात ठेवा. 'अमुक धोरण चुकीचं आहे' लिहा, 'अमुक भाषेचे लोक असलेच' कधीही लिहू नका, रागात तर नाहीच नाही. टोपणनाव घेतलं म्हणजे पोलिसांना सापडत नाही असं मुळीच नाही, ते फक्त शेजाऱ्यापासून वाचवतं, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं. ग्रुप स्वतः काढणार असाल तर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्यानं काही टाकलं म्हणून केवळ ॲडमिन असल्यामुळे ॲडमिन दोषी होत नाही, पण ते आपल्या हायकोर्टाचं नाही, तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतो. सिग्नल ॲपवर २०२४ पासून युजरनेम देता येतं, समोरच्याला नंबर द्यावा लागत नाही. आमचा छोटा ग्रुप तिथंच आहे, बेळगाव, खानापूर, चिकोडीकडच्या बायका, मराठी आणि कन्नड दोन्ही. दोनच गोष्टी आम्ही कडक पाळतो. इथं ऐकलेला मुद्दा बाहेर वापरायला हरकत नाही पण कुणी म्हटलं ते सांगायचं नाही, हा लंडनच्या चॅथम हाऊसचा १९२७ पासूनचा जुना नियम आहे. आणि विरोध करायच्या आधी समोरचीचं म्हणणं आपल्या शब्दात लिहायचं, ती 'हो, हेच म्हणायचंय मला' म्हणाली की मगच पुढे. सुरुवातीला सगळ्यांना कंटाळवाणं वाटलं. मग एकदा फेब्रुवारी २०२५ ला, बसमधल्या भाषेच्या भांडणावरून दोन्ही राज्यांच्या एसट्या बंद पडल्या तेव्हा बाहेर सगळीकडे आग लागली होती आणि आमच्या ग्रुपवर एक कन्नड शिक्षिका आणि एक मराठी अंगणवाडी सेविका एकमेकींचं म्हणणं लिहून काढत बसल्या होत्या. कुणीच ग्रुप सोडला नाही.

---

चंदगडी:

आमच्याकडं महाराष्ट्रात असून पण यात्रेचं तेच हाय, बाजाराला बेळगाव आणि कर्जाला सोसायटी. यात्रेवर बोलायचं असंल तर ऑनलाईन जाऊ नका असं माझं मत. जत्रा कमिटीत दोन बाया आणि एक कर्ज फेडणारा पोरगा घ्या आणि मागच्या यात्रेत कुणी किती काढलं ते नावं न घालता कागदावर लिहून मागा. आकडे बघितल्यावर माणूस देवीचा कोप बाजूला ठेवून बोलतो. भाषेबद्दल मला काय म्हणायचं नाही, ते तुम्हा लोकांचं दुखणं आहे आणि आम्ही पलीकडं बसून बोलणं बरं दिसत नाही.

---

मलप्रभाकाठ:

सगळ्यांचे मनापासनं आभार. एवढं लिहितील कुणी असं वाटलं नव्हतं.

काका, तुमचं उत्तर मी जेवताना वाचलं आणि मग घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या आईला १९८६ चांगलं आठवतंय. सक्तीचा फरक पहिल्याच ओळीत यायला पाहिजे हे एकदम बरोबर. खरं एक सांगतो, ग्रुपवर मला शिव्या देणाऱ्यात तुमच्या वयाचं कुणीच नव्हतं, सगळी माझ्याच बरोबरची पोरं होती आणि त्यांची स्वतःची पोरं इंग्लिश मीडियमला जातात. त्यांच्याशी समोरासमोर बोलायला मी तयार हाय, तेच तयार नाहीत. बाहेरच्या माणसासमोर मांडायचं मला एवढ्याचसाठी वाटतं की त्याला १९५६ पासनं सगळं सांगावं लागेल आणि सांगताना माझ्या बोलण्यात कुठं भोक हाय ते मलाच दिसेल.

अक्षताताई, ते आधी दुसऱ्याचं म्हणणं लिहायचं मी आमच्या शॉपफ्लोअरवर करून बघणार हाय. बाजूच्या मशीनवर गोकाकचा माणूस हाय, रोज डबा एकत्र खातो आणि या विषयावर आम्ही कधीच बोललेलो नाही, दोघं पण टाळतो.

चेंज माय व्ह्यूला पोस्ट टाकीन म्हणतो. मराठीत आधी लिहून बघतोय: 'सक्तीला माझा विरोध हाय. तरी माझं मत असं की सीमाभागातल्या मराठी शाळांनी स्वतःहून कन्नड जोरात शिकवावं, कारण हक्क मागायला सुद्धा ती भाषा लागते, आणि यात्रेसारख्या खर्चावर...' इथं अडकलोय.

---

निपाणीवाला_पुण्यात:

यात्रा काढा त्यातून. एका पोस्टमध्ये एकच मत, नाहीतर लोक सोपा मुद्दा पकडतात आणि अवघड सोडून देतात. आणि तुमचं मत कशामुळे बदलेल ते शेवटी लिहा. उदाहरणार्थ, कन्नड चांगलं येणाऱ्या मराठी पोरांचं मराठी वाचन सुटतं असं कुणी दाखवलं तर बदलेन, असं काहीतरी. इंग्रजी मी बघून देतो. टाकाल तेव्हा सुट्टीचा दिवस बघा, तीन तासांचं लक्षात आहे ना.

---

हिंडलगा_रोड:

सक्तीचं वाक्य वर घेतलंस, बरं वाटलं. आता माझा विरोध ऐक. २०१५ च्या कायद्यानं कन्नड शाळेत पहिलीपासनं कागदावर आलेलंच हाय. मग तू 'जोरात शिकवा' म्हणतोस म्हणजे नेमकं काय वाढवायचं, आणि त्याचे तास कुठल्या विषयातनं काढायचे? मराठीचे काढणार असशील तर मी शेवटपर्यंत विरोधात. ते लिही, मग बोलू.

---

मलप्रभाकाठ:

मराठीचा एक तास पण नाही काका. माझ्या डोक्यात असं हाय की पाठ्यपुस्तक तेच राहू दे, खरं सातवीच्या पुढं आठवड्यातनं एकदा उतारा, रेशनचा अर्ज, बँकेचं फॉर्म, ग्रामपंचायतीची नोटीस असले खरे कागद कन्नडमधनं वाचायला लावायचे, कार्यानुभवाच्या तासाला. शिक्षक कुठनं आणायचे त्याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही, त्यावर तुम्ही सांगा, तुमच्या ओळखीचे निवृत्त मास्तर असतील की बरेच. बाकीचं रविवारी लिहितो, उद्या फर्स्ट शिफ्ट हाय.